रिमफायर रिव्हॉल्व्हर आणि रिकामा चाप

रिकामी कात्री वाजवू नये, रिकामा पाळणा हलवू नये, रिकामे जाते ओढू नये, अशा कितीतरी गोष्टी आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका मुलांस बजावीत आल्या आहेत. कात्रीने खरोखर भांडण होते की काय, ह्याचा निर्णय करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. परंतु जात्याविषयीचा नियम मात्र निखालस खरा आहे. दोन दगडांच्या मध्ये धान्य नसले म्हणजे दगड दगडावर घासतो, टाकी बुजते आणि पुढच्या दळणात कच येते. ज्या यंत्राचे दोन कठीण भाग मधल्या मऊ वस्तूवर काम करण्यासाठी घडविलेले असतात, त्यातून ती मऊ वस्तू काढून घेतली की ते भाग एकमेकांवरच काम करू लागतात. .२२ व्यासाच्या रिमफायर रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस न घालता चाप ओढावा किंवा नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी एवढ्यातच आहे. 'बहुतांशी' हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. कारण ह्या बाबतीत बंदुकीच्या जाणकारांतही दोन पक्ष आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी रिव्हॉल्व्हर नसेल, आणि ते नाही ह्याबद्दल आम्हास खेद वाटत नाही. तथापि काही घरांत आजोबांच्या किंवा पणजोबांच्या वेळचे एखादे हत्यार रीतसर परवान्याने वारसाकडे आलेले असते. शिवाय अलीकडे पुष्कळ मुलेमुली नेमबाजी शिकू लागली आहेत. अशा घरांत हा प्रश्न आज ना उद्या निघतोच.

प्रथम शब्दांचा खुलासा करणे बरे. आपल्याकडे 'घोडा' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात, त्यामुळे घोटाळा होतो. ह्या लेखात बोटाने मागे ओढावयाचा तो 'चाप', आणि चाप ओढल्यावर सुटून पुढे आदळतो तो 'घोडा'. घोड्याच्या आघाताने एक लहानशी पोलादी पिन पुढे सरकते व काडतुसाच्या बुडावर बसते. काही रिव्हॉल्व्हरांत ही पिन घोड्याच्याच नाकावर बसविलेली असते, काहींत ती चौकटीत स्वतंत्र असून तिला मागे ओढणारी बारीक कमान असते. काडतुसे ज्या गोल, फिरत्या भागात भरतात ते 'चक्र', आणि चक्रातील एकेका काडतुसाचे भोक म्हणजे 'घर'.

आता काडतूस. दिवाळीत मुले टिकल्यांचे पिस्तूल वाजवितात, त्यातील टिकली दोन कठीण पृष्ठांमध्ये चिरडली जाते तेव्हाच वाजते. नुसत्या गादीवर ठेवून ठोकली तर वाजत नाही. काडतुसातील ठिणगी पाडणारे द्रव्यही असेच आहे. त्यास हातोडी पाहिजे तशी ऐरणही पाहिजे. मोठ्या बहुतेक काडतुसांत हे द्रव्य बुडाच्या मध्यभागी एका छोट्या वाटीत असते आणि त्याची ऐरण त्या वाटीतच, किंवा तिच्या मागच्या खोलगटीत, बसविलेली असते. ही सेंटरफायर काडतुसे होत. रिमफायर काडतुसाची रचना निराळी. त्याच्या बुडास बाहेर आलेली एक कड असते, ती आतून पोकळ असते, आणि पायजम्याच्या नेफ्यात जशी नाडी फिरलेली असते तसे हे द्रव्य त्या कडेच्या पोकळीत सर्व बाजूंनी पसरलेले असते. कारखान्यात ओलसर द्रव्याचा थेंब नळकांडीत टाकून ती गरगर फिरवितात, म्हणजे ते आपोआप कडेत जाऊन बसते. पूर्वी ह्या कामी पाऱ्याचा फल्मिनेट क्षार वापरीत. अलीकडे बहुधा शिशाचा स्टिफ्नेट वापरतात.

ह्या काडतुसात स्वतःची ऐरण नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पिन ही हातोडी; आणि ऐरण कोणती, तर ज्या घराच्या तोंडावर काडतुसाची कड टेकलेली असते ती घराची पोलादी धार. दोहोंच्या मध्ये पातळ पितळेची कड चिरडली जाते आणि बार उडतो. काडतूस नसेल तेव्हा हातोडी कोठे पडणार, हे निराळे सांगावयास नको. सेंटरफायरमध्ये पिनेच्या समोर घराची मोकळी पोकळी असते, ती हवेत जाऊन परत येते. रिमफायरमध्ये तिच्या समोर नेमकी ऐरण असते. रिकाम्या खलबत्त्यात पोर बत्ता आपटू लागले की स्वयंपाकघरातून ओरडा होतो, तो ह्याच कारणाने.

हे सारे अंतर किती लहान असते ते पाहिले म्हणजे गोष्ट अधिक ध्यानात येईल. .२२ लाँग रायफल नावाच्या प्रचलित काडतुसाची कड जास्तीत जास्त ०.०४३ इंच, म्हणजे साधारण १.१ मिलिमीटर जाड असते. तिचा व्यास ०.२७८ इंच आणि नळकांडीचा ०.२२६ इंच, म्हणजे कड नळकांडीच्या बाहेर प्रत्येक बाजूस जेमतेम ०.६६ मिलिमीटर येते. एवढ्या अरुंद पट्टीवर पिन अचूक पडली पाहिजे, आणि कड चिरडण्याइतकी पुढे आली पाहिजे, परंतु कडेच्या जाडीहून पुढे येता कामा नये. कारागिराने हे माप राखले तर रिकाम्या घरातही पिन धारेपासून केसभर अलीकडे थांबते आणि काही बिघडत नाही. माप चुकले, पिनेची कमान थकली किंवा घोड्याची कमान कोणी अधिक ताठ बसविली, की तो केसभर अवकाश नाहीसा होतो. जाणकारांतील दोन पक्ष होतात ते येथे. एकाने पाहिलेली बंदूक त्या केसाच्या अलीकडची असते, दुसऱ्याची पलीकडची.

अशी अडचणीची रचना लोकांनी स्वीकारली तरी कशी, असे कोणी विचारील. कारण ती आधी आली. पॅरिस येथील फ्लोबेर ह्या कारागिराने १८४५ च्या सुमारास टोपणातच छर्रा बसवून घरात नेम मारण्यासारखे इवलेसे काडतूस तयार केले. पुढे अमेरिकेत होरेस स्मिथ व डॅनिअल वेसन ह्या दोघांनी तीच कल्पना वाढवून १८५७ मध्ये सात बारांचे .२२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. चक्राची घरे आरपार कोरून मागून काडतूस भरण्याचे एकस्व रोलिन व्हाइट नावाच्या गृहस्थाकडे होते. त्यास दर नगामागे २५ सेंट द्यावयाचे, आणि एकस्वाबद्दलच्या कोर्टकचेऱ्या मात्र त्यानेच लढावयाच्या, असा चतुर करार ह्या जोडीने केला. १८६९ मध्ये एकस्वाची मुदत संपेपर्यंत पैसा कोणाच्या गाठीस राहिला आणि वकिलांचा खर्च कोणी सोसला, हे वाचकांनी ताडलेच असेल. पुढे मोठ्या काडतुसांनी रिमफायरची वाट सोडली. कारण जी कड चिरडली जावी म्हणून पातळ ठेवावी लागते ती मोठ्या दारूचा दाब सोसू शकत नाही. परंतु .२२ चे लहान काडतूस स्वस्त, आवाजाने हलके आणि झटका नसलेले, म्हणून ते टिकले. १८८७ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने काढलेले .२२ लाँग रायफल आजही जगभर नेमबाजीत चालते.

रिकाम्या चापाने होणारे नुकसान तीन प्रकारचे आहे, आणि ते एकातून एक निघते. पहिला मार पिनेस बसतो. तिचे पटाशीसारखे टोक बोथटते, पसरते किंवा एखाद्या दिवशी तुटून पडते. ह्यास इलाज आहे. पिन नवी मिळते, निदान चालू बनावटीच्या हत्यारास मिळते. दुसरा मार घराच्या धारेस बसतो, आणि हा अधिक वाईट. तेथे चंद्रकोरीसारखा खळगा पडतो आणि खळग्यातील पोलाद घराच्या आत सरकून बारीक कंगोरा उठतो. मग काडतूस आत जाताना अडते, किंवा उडालेली नळकांडी बाहेर येईनाशी होते. रायफलीस किंवा पिस्तुलास असे एकच घर; रिव्हॉल्व्हरचे चक्र मात्र दर चापास एकेक घर पुढे आणते, त्यामुळे सहा बारांच्या रिव्हॉल्व्हरला सहा ठिकाणी, आणि हॅरिंग्टन अँड रिचर्ड्सनच्या ९९९ सारख्या नऊ बारांच्या रिव्हॉल्व्हरला नऊ ठिकाणी तोच खळगा पडतो. पोरांनी एकदा चाळा आरंभला म्हणजे एकही घर वगळले जात नाही!

तिसरे नुकसान डोळ्यांस दिसत नाही. खळगा पडला तेथे कडेखालची ऐरणच नाहीशी होते. पिन कडेवर पडते, कड खळग्यात दबते आणि काडतूस उडत नाही. आता ही केवळ पैशांची गोष्ट राहिली नाही. न उडालेले काडतूस कधी कधी क्षणभर थांबून मग उडते. म्हणून नळी सुरक्षित दिशेस धरून ३० सेकंद तरी थांबावे, मगच चक्र उघडावे, असा नेमबाजांचा दंडक आहे. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये असे काडतूस वारंवार राहते, त्याच्या धन्यास हा दंडक वारंवार पाळावा लागतो, आणि वारंवार पाळावयाचा दंडक माणूस किती वेळ पाळील, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

कारखानदार काय म्हणतात? येथेही एकवाक्यता नाही. स्मिथ अँड वेसन ही कंपनी आपल्या इतर हत्यारांबाबत रिकाम्या चापास हरकत घेत नाही; .२२ रिमफायरचा मात्र अपवाद करते. उलट १९४९ मध्ये निघालेली रूगर कंपनी आपल्या कित्येक .२२ हत्यारांस अशी मोकळीक देते. परंतु तिच्या मार्क मालिकेतील पिस्तुलांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्यांत पिनेस पुढे जाऊ न देणारी एक लहानशी आडवी खीळ असते. ती जागेवर आहे तोवर रिकामा चाप निर्धास्त ओढावा. साफसफाई करताना ती काढली आणि परत घालावयाची राहिली, की पिन थेट धारेवर जाऊन आदळते. ते रिव्हॉल्व्हर नव्हे हे खरे, तथापि काडतूस तेच आणि न्यायही तोच. मोकळीक बंदुकीच्या नावास नसते, पिनेस अडविणाऱ्या त्या तुकड्यास असते.

तेव्हा चालू बनावटीचे रिव्हॉल्व्हर असेल तर त्याच्या सूचनापुस्तिकेत काय छापले आहे ते पाहावे, आणि तीत जेवढे छापले आहे तेवढेच खरे मानावे. शेजाऱ्याच्या मित्राने हजार वेळा चाप ओढला आणि काही झाले नाही, हा पुरावा शेजाऱ्याच्या मित्राच्या बंदुकीपुरता आहे. जुने, पुस्तिका नसलेले, किंवा ज्याचे सुटे भाग आता कोठे मिळत नाहीत असे रिव्हॉल्व्हर असेल, तर आमचे मत स्पष्ट आहे: त्याचा रिकामा चाप ओढू नये. चुकून एकदोनदा ओढला गेला तर मात्र कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. हानी होते ती बहुधा सवयीने.

परंतु सवय करावी लागते, हीही गोष्ट खोटी नाही. नेमबाजीत चाप ओढताना हात न हलू देणे ही अर्धी विद्या आहे, आणि ती काडतुसाविना हजारो वेळा चाप ओढूनच येते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफलीचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. राही सरनोबत ह्यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे ह्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले. ह्या तिन्ही स्पर्धांतील काडतूस .२२ रिमफायरच आहे. मग असे खेळाडू सराव कसा करतात? स्पर्धेसाठी बनविलेल्या कित्येक पिस्तुलांत व रायफलींत अशी सोय मुद्दाम केलेली असते, की चाप सुटल्याची जाणीव बोटास होते, परंतु पिन धारेवर आदळत नाही. उत्तमोत्तम कारागिरांनी ही सोय करण्याची यातायात घेतली, ह्यातच आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. रिकामा चाप निरुपद्रवी असता तर ते असला खटाटोप कशास करते?

साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही सोय नसते, तेव्हा घरात काहीतरी मऊ घालणे हाच मार्ग. उडालेल्या नळकांड्या पुष्कळजण वापरतात. त्या एकदोन फेऱ्यांस ठीक. पण प्रत्येकीच्या कडेवर आधीच एक खूण असते, आणि पिन पुन्हा त्याच खुणेत पडली तर मध्ये पितळ उरत नाही. म्हणून दर फेरीनंतर प्रत्येक नळकांडी थोडी फिरवून ठेवावी लागते, आणि कडेवर खुणाच खुणा झाल्या की टाकून द्यावी लागते. ॲल्युमिनियमची नकली काडतुसेही मिळतात, परंतु.२२ च्या मापातील पुष्कळशी नकली काडतुसे भरणे व काढणे तपासण्यासाठी असतात, शेकडो आघात सोसण्यासाठी नव्हेत, तेव्हा घेताना विचारून घ्यावे. अमेरिकेतील नेमबाजांनी ह्यावर एक घरगुती तोड काढली आहे, ती आम्हास मोठी गमतीची वाटते. भिंतीत स्क्रू पिळण्यापूर्वी भोकात प्लॅस्टिकची गुल्ली ठोकतात, तिचे एक विशिष्ट माप .२२ च्या घरात नेमके बसते, आणि तिच्या डोक्याची कड काडतुसाच्या कडेसारखी बाहेर राहते. मूठभर गुल्ल्यांत कित्येक दिवसांचा सराव होतो. ह्या गुल्लीचा आणखी एक गुण असा, की तिचा रंग पितळेसारखा नसल्यामुळे ती खऱ्या काडतुसात मिसळून जात नाही.

ह्या शेवटच्या गुणास आम्ही फार किंमत देतो. उडालेल्या नळकांडीच्या कडेवर पिनेची खूण असते, म्हणून खूण दिसली की काडतूस रिकामे, अशी समजूत सहज होते. परंतु जे काडतूस पिन पडूनही उडाले नाही त्याच्याही कडेवर तशीच खूण असते, आणि त्याच्या पुढच्या टोकास गोळी जागच्या जागी असते! कड फिरवून पुन्हा आघात केला तर असे काडतूस पुष्कळदा उडते. कारण द्रव्य कडेच्या एका बाजूस विरळ आणि दुसरीकडे भरपूर असू शकते. म्हणजे खळगे पडलेल्या रिव्हॉल्व्हरचा धनी खूण असलेली खरी काडतुसे स्वतःच तयार करीत असतो, आणि मग सरावासाठी खूण असलेल्या नळकांड्या डब्यातून उचलतो. म्हणून प्रत्येक नळकांडी बुडाकडून नव्हे, तोंडाकडून पाहावी. आणि सरावाच्या वेळी खरी काडतुसे त्या खोलीतच असू नयेत. .२२ ला कोणी खेळणे समजू नये. तिची गोळी ४० ग्रेन, म्हणजे अवघी २.६ ग्रॅम असली, तरी दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना अमेरिकन काडतुसांच्या पेट्यांवर छापलेली असते.

आपल्या घरांपुरती एक गोष्ट सांगावयाची राहिली. खंडेनवमीस शस्त्रे बाहेर निघतात, पुसली जातात, त्यांस हळदकुंकू वाहिले जाते, आणि आरती आटोपली की जमलेल्या भाच्यापुतण्यांपैकी कोणीतरी रिव्हॉल्व्हर उचलून खट्‌खट् करून पाहतो. एरवी वर्षभर कपाटात असलेल्या हत्यारास जो काही मार बसतो तो अशा दिवशीच बसतो. आपल्याकडील रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ चे, म्हणजे सेंटरफायर असते, आणि त्यास ह्या चाळ्याने सहसा इजा होत नाही, म्हणून.२२ च्या धन्यासही वाटते की आपल्यालाही चालेल. ओळखण्याची खूण सोपी आहे. काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी वेगळी बसविलेली चकती दिसली तर सेंटरफायर. बूड अखंड, सपाट असेल तर रिमफायर.

नुकसान झाले आहे की नाही, हे पाहण्यास भिंग पुरे. प्रथम चक्र बाहेर काढून प्रत्येक घर रिकामे आहे ह्याची डोळ्यांनी खात्री करावी. मग उजेडात प्रत्येक घराच्या मागल्या तोंडाची धार तपासावी. कित्येक रिव्हॉल्व्हरांत कड आत बसावी म्हणून तोंडाशी खोलगट केलेली असते. तेथे खोलगटीच्या तळाशी पाहावे. सर्व घरांस एकाच जागी चकाकणारी चंद्रकोर दिसली तर ती पिनेची करणी समजावी. नुसती चकाकी असेल तर आजपासून रिकामा चाप बंद करावा, इतकेच. खळगा असेल आणि काडतूस अडत असेल तर कानस मात्र घेऊ नये. कानशीने कंगोरा जातो, पण त्याबरोबर घराचे तोंडही रुंद होते, आणि गेलेले पोलाद परत येत नाही. जाणता कारागीर कठीण पोलादाची निमुळती सळई घरात दाबून कंगोरा होता तेथे परत बसवितो, आणि पिन किती बाहेर येते ते मापून गरज पडल्यास तीही बदलतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करून देणाऱ्यासही परवाना लागतो. तेव्हा हत्यार न्यावयाचे ते परवानाधारक दुकानदाराकडेच, आपला परवाना बरोबर घेऊन, आणि काडतुसे घरी ठेवून.